वाडा पाडा, पण भंगारात घालू नका!

आमच्या सीमाभागात आज जुने घर पाडणे हा प्रतिष्ठेचा विधी होऊन बसला आहे. बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी, कुठल्याही जुन्या गल्लीत जाऊन पाहा. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, धाकटा पुण्यात स्थिरावला, की पहिला निर्णय वाडा उतरवण्याचा. त्याला माझा विरोध नाही. फुगलेली भिंत नुसत्या आठवणींच्या टेकूवर उभी राहत नाही. माझे भांडण आहे ते पाडल्यानंतर जे होते त्याच्याशी.

काय होते? सागवानी तुळया, कडीपाट, नक्षीची चौकट, घडीव दगड, कौले, सारे उक्ते ठरवून जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याच्या हवाली केले जाते. ‘जागा साफ करून देतो’ एवढ्यावरच काही मालक खूश! तीच चौकट पुढे एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भागात मिरवते आणि आपण तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतो. इकडे घरमालक कर्ज काढून भुसा दाबून केलेल्या फळ्यांची दारे बसवतो आणि ती पावसाळ्यात फुगतात. आजोबांचे साग विकून नातवाने भुसा विकत घ्यावा, याला व्यवहार म्हणायचे की दिवाळखोरी?

जुन्या घराचा एक गुण आपण विसरलो आहोत. ते उलगडता येत असे. चुन्यात बांधलेली वीट हलक्या हाताने ठोकली की अखंड सुटते, कारण चुना विटेपेक्षा मऊ असतो. सिमेंटातली वीट फुटते, सिमेंट सोडत नाही. म्हणून पूर्वीचे घर पाडले की दुसरे घर निघे. आजचे पाडले की राडारोडा निघतो, आणि तो रात्री गुपचूप नाल्याकाठी ओतला जातो. आपल्या नातवंडांसाठी आपण नेमके हेच ठेवून जाणार आहोत.

‘जुन्या सामानात गरिबांनी राहावे, आम्ही का?’ असा प्रश्न येतोच. त्याला उत्तर लॉरी बेकर यांनी कधीच देऊन ठेवले आहे. बर्मिंगहॅममध्ये 1917 साली जन्मलेला हा वास्तुकार भारतात आला, इथलाच झाला. 1990 साली त्यांना पद्मश्री मिळाली. जवळपास मिळणाऱ्या साहित्यातूनच घर उभे राहावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर पाळला. हा माणूस मोडीच्या ढिगाऱ्यांत दारे-खिडक्या धुंडाळत असे. तिरुअनंतपुरमच्या चित्रलेखा स्टुडिओचे कोरीव प्रवेशद्वार त्यांना असेच अडगळीत सापडले. विटा उभ्या रचून मधे पोकळी ठेवणारी त्यांची भिंत सुमारे 25 टक्के विटा वाचवते आणि घर थंड ठेवते. स्लॅबच्या खालच्या थरातले काँक्रीट भार फारसे पेलत नाही, ताण सळया घेतात. म्हणून तिथे ते जुनी मंगळुरी कौले घालत. आमच्याकडे तीच कौले उकिरड्यावर पडतात.

आता कोणी मजबुतीची शंका काढील. शंका योग्यच आहे. वाळवी लागलेला वासा कुणीही वापरू नये. गंजक्या सळया सरळ करून स्लॅबमध्ये घालू नयेत. अ‍ॅसबेस्टॉसचे जुने पत्रे कापू नयेत, फोडू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. जाणत्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय तुळईवर भार देऊ नये. पण हे नियम निवडीचे आहेत, नकाराचे नाहीत. फोडलेल्या काँक्रीटची खडी मर्यादित प्रमाणात वापरण्याची मुभा 2016 पासून भारतीय मानकानेच दिलेली आहे. मग ‘कायद्यात बसत नाही’ ही सबब कुणासाठी?

खरी अडचण सामानाची नाही, आकाराची आहे. जुने सामान मोजके निघते, आणि आपल्याला हवा असतो शेजाऱ्याहून एक मजला जास्त. वरच्या खोल्या मुलांसाठी. मुले येणार दिवाळीला चार दिवस, तीही रजा मिळाली तर. उरलेले वर्षभर दोन म्हातारी माणसे कर्जाचे हप्ते आणि जिने मोजत राहतात. चारशे चौरस फुटांचे, एका मजल्याचे, आजोबांच्या चौकटीचे घर त्यांना पुरले असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण मुलांच्या वहीत सुवाच्य अक्षरांत लिहून घेतो, आणि घराचा नकाशा काढताना विसरतो.

आणखी एक. जुने लाकूड उतरवणारा सुतार आणि चुना मळणारा गवंडी आमच्या भागात मराठीत मोजमाप सांगतात आणि कानडीत मजुरी ठरवतात. मंगळूरच्या कौलांचा कारखाना 1865 साली जर्मन भाषिक मिशनने काढला, कौले आमच्या छपरांवर चढली. त्यांना कुणी भाषा विचारली नाही. या कारागिरांची मुले आज हा धंदा सोडून जात आहेत, कारण आपण त्यांना काम देणे बंद केले आहे. हा हुन्नर गेला की तो दोन्ही भाषांतून जाईल.

तेव्हा यंदा ज्यांच्या घरी पाडकामाचा बेत असेल त्यांना माझे सांगणे एवढेच. पहिली कुदळ पडण्याआधी यादी करा. प्रत्येक तुळईवर खडूने आकडा घाला, विटा सोडवून रचा, कौले मोजा. व्यापाऱ्याला बोलवायचे ते सर्वांत शेवटी. आणि आधी सुताराला विचारा, यातून केवढे घर होते? तो सांगेल तेवढेच बांधा.