घाट पाठ असला तरी

मिऱ्या-नागपूर महामार्ग मिऱ्याहून निघतो, रत्नागिरीच्या मांडवीपासून अवघ्या काही किलोमीटरवर. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा मागे पडलं की आंबा घाट सुरू होतो. रविवारी पहाटे मोटारसायकली काढून निघणारे इथले तरुण याच घाटात एकमेकांची पारख करतात. कोण कुठल्या वळणाला किती झुकतो, कोण ब्रेकला हात न लावता निघून जातो, यावर पुढचा आठवडाभर बोलणं होतं. अशा मंडळींपैकी कुणाला खऱ्या रेसचे, म्हणजे चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर शनिवार-रविवारी होणाऱ्या हौशी स्पर्धेचे वेध लागले, तर त्याची पहिली समजूत अशी असते की घाटात आणखी जोरात चालवलं की तयारी झाली. ही समजूत चुकीची आहे आणि महागात पडणारी आहे. अनोळखी ट्रॅकवर जाताना घरून वेग कमावून न्यायचा नसतो. तिथे पोचल्यावर ट्रॅकखेरीज दुसऱ्या कशाकडेही लक्ष द्यावं लागू नये, एवढी व्यवस्था करून जायचं असतं.

आंबा घाटात वेगाने जाणारा रत्नागिरीकर कुशल असेलही, पण त्याच्या वेगातला मोठा वाटा ओळखीचा आहे. पुढचं वळण किती आवळत जाणार, कुठे पाझराचं पाणी रस्त्यावर येतं, दरडीची खडी कुठे पडलेली असते, हे त्याला न बघता ठाऊक असतं. शेकडो वेळा गेल्याने रस्ता अंगात मुरलेला असतो. ही ओळख काढून घेतली की उरतं ते कौशल्य, आणि ते किती आहे हे घाटात कधीच कळत नाही. शिवाय घाटात समोरून एसटी येते, ट्रक येतो, वळणावर गुरं बसलेली असतात. तिथे वेगाची चढाओढ हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खालचा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी शिकण्याच्या दृष्टीनेही घाट निकामी आहे. चुकीला जागा नसलेल्या रस्त्यावर माणूस फक्त जपून वागायला शिकतो किंवा नशिबावर विसंबायला शिकतो.

अमेरिकेतले रेसिंगचे शिक्षक कीथ कोड यांनी ‘अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट’ या १९८३ च्या पुस्तकात लक्षाचा हिशेब पैशांत मांडला आहे. रायडरजवळ जणू दहा डॉलर एवढंच लक्ष असतं. जे सवयीचं झालं आहे त्यावर थोडे सेंट खर्च होतात, जे नवं आहे ते पाच डॉलर घेऊन जातं आणि उरलेल्यात बाकी सगळं भागवावं लागतं. कोड यांच्या शाळेचे वर्ग चेन्नईच्या ट्रॅकवरही झालेले आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच रायडरना हा हिशेब ऐकून माहीत आहे. तो अमलात आणणारे मात्र कमी. ब्रेकचा लिव्हर आज थोडा मऊ का लागतो, हातमोजा अंगठ्याला का टोचतो, पिवळ्या झेंड्याचा अर्थ नक्की काय, परतीच्या टेम्पोचं काय झालं, यातला प्रत्येक प्रश्न वळणाच्या तोंडावर आपला वाटा मागतो. ताशी १५० किलोमीटर वेगाने मोटारसायकल सेकंदाला जवळपास ४२ मीटर जाते. मन अर्धा सेकंद दुसरीकडे गेलं तर ब्रेक २१ मीटर पुढे लागतो, आणि तेवढ्यात वळण हातचं गेलेलं असतं.

आता ट्रॅकवर शिकायला किती वेळ मिळतो ते पाहू. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक १९९० पासून चालू आहे. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं बारा. सरावाचं सत्र १५ मिनिटांचं आणि नवख्याची एक लॅप दोन मिनिटांची धरली, तर हाती सात लॅप येतात. पहिली लॅप टायर तापवण्यात जाते. म्हणजे प्रत्येक वळण खऱ्या अर्थाने सहा वेळा भेटतं. अशी दोन सत्रं मिळाली तर बारा वेळा, आणि त्यानंतर क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणारी फेरी. ज्या माणसाने आंबा घाटातलं एकेक वळण वर्षानुवर्षं घोटलं आहे, त्याला इथे बारा भेटींत काम भागवायचं आहे. त्यातल्या चार भेटी मशीनच्या कुरबुरीत गेल्या तर राहिल्या आठ. वाया घालवायला इथे काहीच नसतं.

अनोळखी रस्ता आधी हळू जाऊन शिकायचा, ही गोष्ट जगातल्या सगळ्यात अवघड रस्त्यावर नियमात बसवलेली आहे. आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीची एक लॅप साठ किलोमीटरहून लांब आणि वळणं दोनशेच्या वर. तिथे पहिल्यांदा येणाऱ्याला, मग तो ट्रॅकवरचा कितीही नामांकित रायडर असो, पहिली लॅप अनुभवी रायडरच्या मागे, ठरवून दिलेल्या वेगातच करावी लागते. पीटर हिकमन हा २०१४ मध्ये तिथे नवखा म्हणून उतरला आणि त्याने ताशी १२९ मैलांच्या सरासरीची लॅप केली, नवख्यांमध्ये तोवरची सर्वांत वेगवान. त्याच रायडरने २०२३ मध्ये १३६ मैलांची सरासरी ओलांडून विक्रम केला. मधे नऊ वर्षं गेली. असामान्य रायडरलाही रस्ता थराथराने कळतो, तर हौशी माणसाने शनिवारच्या पहिल्याच सत्रात सगळं हाती लागेल अशी आशा धरू नये. मिरकरवाड्याचा कसलेला तांडेलही परक्या बंदरात शिरताना इंजिन हळू करतो आणि आधी खडक कुठे आहेत ते विचारून घेतो.

कोकणातल्या माणसापुढे आणखी एक पेच आहे, ज्याचा विचार फारसा कुणी करत नाही. तमिळनाडूतल्या स्पर्धांचे बरेचसे शनिवार-रविवार जून ते सप्टेंबरच्या दरम्यान येतात, कारण चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबरपासूनचा. नेमके तेच चार महिने इथे धो धो पाऊस असतो. रेसच्या आधीचे सहा-आठ आठवडे आपल्याला धड सराव करता येत नाही. बरेच जण याला तोटा मानतात. मला हा उलट उपयोगाचा काळ वाटतो, कारण तो माणसाला गाडीवरून उतरवून टेबलाशी बसवतो. ट्रॅकचा नकाशा मोठ्या कागदावर काढावा, वळणांना तिथले रायडर देतात तेच क्रमांक द्यावेत. कुठल्या वळणानंतर सर्वांत लांब सरळ पट्टा येतो ते आधी हुडकावं. त्या वळणातून लवकर आणि पुरता थ्रॉटल उघडून बाहेर पडलं तर फायदा सबंध पट्टाभर मिळतो, बाकीच्या वळणांत वाचवलेला वेळ तिथल्या तिथे संपतो. मग ट्रॅकवरच्या गाडीला लावलेल्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ लावून डोळे मिटून लॅप म्हणता येते का ते पाहावं. वळणांचा क्रम, दिशा आणि साधारण गिअर एवढं पाठ झालं की पहिल्या सत्रात ‘पुढे काय आहे’ या प्रश्नावर खर्च होणारं लक्ष वाचतं.

व्हिडिओने सगळंच होतं, सिम्युलेटर असेल तर ट्रॅकवर जाण्याआधीच शंभर लॅप होतात, असं काही जण म्हणतात. क्रम शिकण्यापुरतं हे खरं आहे. पण कॅमेऱ्यात चढ-उतार सपाट दिसतात, डांबराची पकड दिसत नाही, वाऱ्याचा झोत लागत नाही, आणि पडद्यावर पडलं तर काही मोडत नाही. ब्रेक कुठे लावायचा हा आकडा व्हिडिओवरून ठरवून नेणारा माणसामाणसांतला आणि मशीनमशीनमधला फरक विसरतो. व्हिडिओतला रायडर ज्या खुणेला ब्रेक लावतो तिथून बरंच अलीकडे सुरुवात करावी आणि प्रत्येक लॅपला थोडं थोडं पुढे सरकावं. आपली खूण आपणच शोधायची असते.

मशीनच्या बाबतीत समुद्रकाठच्या माणसाने इतरांपेक्षा जास्त काळजी घ्यायला हवी, आणि इथे मी थोडं सविस्तर लिहितो, कारण याची चर्चा जवळपास होत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. रस्त्यावर हा फरक कधी जाणवत नाही. ट्रॅकवर लॅपमागून लॅप जोराचे ब्रेक लागतात, कॅलिपर तापतात, ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर पार हँडलपर्यंत येतो. मांडवी, भाट्ये, मिऱ्याच्या दमट हवेत वर्षभर उभ्या असलेल्या गाडीने जुन्या ऑइलवर ट्रॅकवर जाणं म्हणजे हा धोका जाणून पत्करणं आहे. निघण्याच्या आठवड्यात सीलबंद डब्यातलं नवं ऑइल भरून घ्यावं, अर्धा वापरलेला जुना डबा चालणार नाही. खाऱ्या वाऱ्याने कॅलिपरचे पिस्टन अडकतात, चेनच्या कड्या ताठ होतात, वायरिंगच्या जोडण्यांवर हिरवट थर चढतो. हे सगळं उघडून, पुसून, ग्रीस लावून पाहावं लागतं. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरावं, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागून येणारा घसरतो. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेने बांधून घ्यावा. आरसे, इंडिकेटर, साइड स्टँड काढून ठेवावे. ब्रेक आणि क्लचचे जादा लिव्हर, एक फूटरेस्ट, एक गिअर लिव्हर बरोबर असावेत. गाडी साधी आडवी झाली तरी हेच भाग मोडतात, आणि परक्या गावात रविवारी सकाळी ते मिळत नाहीत.

शरीराचंही तसंच. जुलैत रत्नागिरीचा माणूस पावसाच्या गारव्यात असतो आणि चेन्नईत ऊन कडक असतं. उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि चामड्याचा पूर्ण सूट, हातमोजे, बूट चढवल्यावर घाम थांबत नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली. ट्रॅक जगातल्या सर्वोत्तम रायडरनाही अनोळखी होता. उष्म्यामुळे मुख्य शर्यत २४ ऐवजी २१ लॅपची करावी लागली, आणि दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यत संपताच शरीरातलं पाणी कमी झाल्याने कोसळला. त्याच शर्यतीआधी अनेकांना व्हिसा वेळेत मिळाले नव्हते आणि मार्क मार्केझसारखा विश्वविजेता त्यात अडकला होता. पहिल्या दर्जाचे संघ कागदपत्रांत अडकू शकतात, तर हौशी माणसाने मोटर स्पोर्ट्स फेडरेशनचा परवाना, वैद्यकीय दाखला आणि प्रवेश अर्ज महिनाभर आधी हातावेगळे केलेले बरे. झेंडेही घरीच पाठ करावेत, पिवळा, लाल, निळा आणि पिवळ्यावर लाल पट्टे असलेला निसरड्या रस्त्याचा.

अशा सावध, हळू सुरुवातीवर एक आक्षेप वजनदार आहे. सरावात मागे राहिलं तर क्वालिफाइंगमध्ये मागे पडतो, ग्रिडवर शेवटी उभं राहावं लागतं आणि मग एवढ्या लांब जाऊन मिळतं काय? ज्याला पदकच हवं आहे, त्याच्यासाठी हा तोटा खरा आहे. पण रत्नागिरीहून चेन्नई हजार किलोमीटरहून लांब आहे. टेम्पोचं भाडं, टायर, प्रवेश फी, चार दिवसांची रजा हे सगळं जमवून गेलेला माणूस पहिल्याच सत्रात पडला, तर त्याला ग्रिडच मिळत नाही. पहिल्या वेळी प्रत्येक सत्र पूर्ण करून उभ्या गाडीवर परत येणं हेच उद्दिष्ट ठेवणारा दुसऱ्या वेळी त्याच ट्रॅकवर नवखा राहत नाही. दुरून जाणाऱ्याला तिथे कधीच स्थान मिळत नाही, हेही खरं नाही. पुण्याच्या डायना पंडोले यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय कार रेसिंगच्या सलून गटाचं विजेतेपद चेन्नईच्याच ट्रॅकवर मिळवलं. गाडी चार चाकी असो की दोन, शिकण्याचा हिशेब एकच.

खर्चाचा आक्षेप मी टाळणार नाही. हा खेळ स्वस्त नाही, आणि महाराष्ट्रात पूर्ण लांबीचा रेसिंग ट्रॅक नसल्याने तो आपल्याला आणखी महाग पडतो. त्यावर एक उतारा जवळ आहे. कोल्हापूर घाटमाथ्यापलीकडे आहे आणि तिथल्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत. कार्टमध्ये बसून एखाद्या अपरिचित वळणाची रेषा काढणं, ब्रेकची खूण शोधणं, चूक सुधारून पुढच्या लॅपला पुन्हा करून पाहणं, ही सवय तिथे चेन्नईच्या खर्चाच्या लहानशा अंशात लागते.

रत्नागिरीतल्या रायडिंग क्लबांना एक विनंती. यंदा मे महिन्याचा एक रविवार घाटासाठी ठेवू नका. ज्यांना पावसाळ्यात स्पर्धेला जायचं आहे त्यांनी गाड्या एका गॅरेजमध्ये एकत्र आणाव्या, कॅलिपर, चेन, वायरिंग उघडून तपासावं, जादा लिव्हरची सामाईक पेटी करावी, एक टेम्पो ठरवून भाडं वाटून घ्यावं, आणि आधी जाऊन आलेल्या कुणाला तरी बोलावून ट्रॅकचा नकाशा समजून घ्यावा. जूनच्या पहिल्या पावसाआधी एवढं सहज होऊ शकतं.