दुभाषी कपाटात कोंडू नका!

परवा पोलादपूर भागातल्या एका शाळेत गेलो होतो. काचेच्या कपाटात अर्डुइनोचे सात-आठ बोर्ड ओळीने मांडलेले. "मुलं वापरतात का?" म्हणून विचारलं. "छे हो सर! तपासणीला दाखवायला ठेवलेत. पोरांनी जाळले तर जबाबदारी कोणाची?" तिथे गप्प बसलो. घरी महाडला आल्यावर मात्र राहवेना.

गेल्या पावसाळ्यात विजेच्या लपंडावात आमचा टीव्ही बसला. नुसता लाल दिवा. दुरुस्तीवाला म्हणाला, "मेन बोर्ड गेला काका, नवाच घ्या." आमच्या नातवाला ते पटेना. आत आठ पायांची एक चिमुकली चिप असते, टीव्हीची सेटिंग्ज जपणारी. तिच्यातली माहिती बिघडली असावी, असा त्याचा संशय. पण वाचणार कशी? चिप बोलते आय-टू-सी भाषा. फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढलेली, दोनच तारांची: एकीवर माहिती, दुसरीवर ताल. (अशा सामाईक तारांना म्हणे 'बस' म्हणतात. आपली एस.टी. नव्हे!) लॅपटॉपपाशी मात्र यूएसबी.

नातवाने चिप सोडवून घेतली आणि दोघांच्या मध्ये अर्डुइनो ऊनो बसवला. ए-४ वर माहितीची तार, ए-५ वर तालाची. बोर्ड चिपला विचारी आणि उत्तर लॅपटॉपला सांगे. त्याच मॉडेलच्या चांगल्या टीव्हीतली माहिती ताडून पाहिली, चूक सुधारून परत लिहिली. टीव्ही सुरू!

१६७४ साली हेन्री ऑक्झिंडन इथेच, रायगडावर आला, तेव्हा बोलण्यांसाठी नारायण शेणवी दुभाषी होता. बोर्डाने तरी दुसरं काय केलं?

कोणी म्हणेल, यासाठी तयार अ‍ॅडाप्टर मिळतात. मिळतात, आणि ते चपळही असतात. पण त्यांना भाषा आधीच येते. बोर्डाला ती शिकवावी लागते, आणि शिकवता शिकवता मूल स्वतः शिकतं. चाळीसेक वर्षं फळ्यापुढे उभं राहून मला एवढंच कळलं आहे. एल.ई.डी. लुकलुकवला, टाळ्या घेतल्या, प्रदर्शन संपलं.. हे शिक्षण नव्हे. बिघडलेल्या वस्तूशी बोलता येणं, हे शिक्षण.

बोर्ड जळेल? जळू द्या की! खडू झिजतो म्हणून आम्ही फळ्यावर लिहायचं थांबवलं होतं का?

असो. तुमच्या गावच्या शाळेतल्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, तेवढं विचारा आणि मला कळवा.