सीमोल्लंघन कोणत्या सीमेचे?

नवरात्रास आरंभ झाला की मराठवाडा, विदर्भ आणि तेलंगणातीलही सहस्रावधी कुटुंबांची पावले माहूरगडाकडे वळतात. पावले वळतात असे लिहिण्याचा प्रघात आहे. वस्तुतः वळतात ती चाके. गाडी पायथ्याशी उभी राहते, पायऱ्या चढून श्रीरेणुकामातेचे मुखदर्शन होते, कुटलेल्या विड्याचा प्रसाद हाती पडतो आणि मंडळी परतीच्या वाटेस लागतात. घरातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलास विचारावे, की बाबा रे, माहुरास काय पाहिलेस? तो देऊळ सांगेल, दुकाने सांगेल, माकडे सांगेल. ज्या अरण्यातून तो आला आणि गेला, त्याविषयी त्याच्यापाशी सांगण्याजोगे काही नसते. यात दोष त्याचा नाही. अरण्य त्याला आम्हीच खिडकीच्या काचेतून दाखविले.

आणि हे क्षेत्र तर मुळातच अरण्याचे. पुराणकथा सांगते, की पित्याचा देह कावडीत घालून परशुराम निघाला तो कोरी भूमी शोधीत. जिथे कोणाचाही अंत्यविधी झालेला नाही अशी भूमी. ती त्याला या डोंगरांत सापडली. दत्तात्रेयांनी आचार्यत्व केले, रेणुकामातेने सहगमन केले. पुढे शोकाकुल पुत्रास मातेचे दर्शन घडावयाचे होते, परंतु मागे वळून पाहावयाचे नाही अशी आज्ञा होती. त्याला धीर निघाला नाही. तो वळला आणि मुखच तेवढे भूमीवर प्रकटले. तोच आज आपण पूजितो तो तांदळा. (दर्शनाच्या रांगेतील आपली रेटारेटी पाहिली, की धीर न निघण्याचा हा वारसा आपण नेमका उचलला असे वाटते.) दत्तप्रभू नित्य निद्रेस माहुरी येतात ही आपली श्रद्धा. त्यांनी विश्रांतीस हे रान निवडले, आणि आपण तेथे कर्णे लावून प्लॅस्टिकच्या पिशव्या मागे ठेवून येतो.

तीन बाजूंनी पैनगंगेने वेढलेल्या या डोंगराळ मुलखात साग आहे, पळस आहे, बिबळा आहे. नदीच्या काठाने यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांत पैनगंगा अभयारण्य पसरले आहे, सुमारे ३२५ चौरस किलोमीटरांचे. २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ जागेच्या शोधात निघाला आणि यवतमाळ, आदिलाबाद, नांदेड असा भटकत, तेराशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. देवीचे वाहन देवीच्या मुलखातून चालत गेले. ही वार्ता आपल्यापैकी किती घरांत मुलांना सांगितली गेली?

घरातील सर्वांनी मिळून रानात जावे, ही कल्पना आपणांस परकी नाही. माहुरास श्रावणी पौर्णिमेची परिक्रमा आहे. भर पावसाळ्यात, चिखलातून, ओढे ओलांडीत आबालवृद्ध गडाला वेढा घालतात. आजीचा हात धरून नातू चालतो आणि वाटेवरच्या झाडाचे नाव त्याला तिच्याच तोंडून कळते. कार्तिकातील आवळीभोजन तरी दुसरे काय होते? आवळ्याखाली चूल पेटे, पंगत बसे. विजयादशमीचे सीमोल्लंघन म्हणजे गावाची शीव पायी ओलांडणे. आज शीव ओलांडावी लागत नाही, आपटा दारात विकावयास येतो. पुष्कळदा तो आपटाही नसतो, कांचनाची पाने असतात. आणि खऱ्या आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात त्या वेगळ्याच. पान हाती घेऊन हा आपटा की कांचन हे सांगू शकेल असे मूल शंभरांत एक मिळाले तरी आम्ही धन्य मानू.

आईबापांची भीती आम्ही जाणतो. साप आहे, बिबट्या आहे, परीक्षा आहे. गडावर लिफ्ट आणि आकाशमार्ग बांधण्याची योजना हाती घेतली गेली, तिलाही आमचा विरोध नाही. गुडघे थकलेल्या माउलीस देवी दुरावू नये. परंतु ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याने लिफ्टची वाट का पाहावी? वनविभाग बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरील मचाणांवर नागरिकांस बसवितो. ‘निसर्गानुभव’ असे त्या उपक्रमाचे नाव. चांदण्यात रात्रभर न बोलता बसणे ही तरुणांस जागरणाइतकीच, किंबहुना अधिक कठीण उपासना आहे. असे काही नवरात्रानंतरच्या दिवसांत माहूर परिसरात, वनविभागाच्या रीतसर अनुमतीने आणि माहितगारांच्या सोबतीने व्हावे, आणि त्यात मुलांबरोबर आईबापांनीही यावे, असे आमचे म्हणणे आहे. माहितगार दूरचे आणावयास नकोत. किनवट-माहूर पट्ट्यातील गोंड, कोलाम, आंध बांधवांस हे रान पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांस बिदागी सन्मानाने द्यावी, कीर्तनकारास देतो तशी.

आईबापांनी यावे हा आग्रह एवढ्यासाठी, की २०२५ साली निवर्तलेले अरण्यऋषी मारुती चितमपल्ली, ज्यांनी आयुष्य रानात काढले, तेही जंगलाची पहिली ओळख घरातूनच, आईकडून झाली असे सांगत. मुलास एकट्याने शिबिरात धाडून आपण घरी बसलो, तर तो परत येऊन बोलणार कोणाशी?

यंदा दसऱ्याच्या सकाळी आम्ही आळीतील सात-आठ मुले आणि त्यांचे वडीलधारे घेऊन मातृतीर्थापासून पायी निघणार आहोत. अनसूयामातेच्या शिखरापर्यंत जावयाचे, उन्हे चढण्यापूर्वी. पाणी तांब्यांतून नेऊ. आपटा दिसला तर त्यास हळदकुंकू वाहू, पान तोडणार नाही. सोन्याऐवजी घरी काय आणावयाचे ते मुलांनी ठरवावे.