पीएच.डी. झाली, आता बटाई

पोरगी डॉक्टर झाली (दवाखान्याची नव्हे, शास्त्राची) म्हणून गावात पेढे वाटतात. दोन वर्षांनी तीच माणसे विचारतात, "काय हो, अजून शिकतेच का?" वाचकहो, शिक्षण केव्हाच संपलेले असते. पीएच.डी.नंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत मुदतीवर संशोधन करायचे, त्याला पोस्ट-डॉक्टरेट म्हणतात. आपल्या भाषेत ही बटाई. जमीन मार्गदर्शकाची, घाम आपला, आणि वाटा म्हणजे छापील निबंधावरचे नाव.

जनुकसंपादन, म्हणजे जिवाच्या आनुवंशिक मजकुरात नेमकी काटछाट, हे शास्त्र अशाच हातांनी पुढे नेले. क्रिस्पर-कॅस ९ ही कात्री हव्या त्या जागी चालवता येते, हे सांगणारा निबंध २०१२ साली निघाला. त्यावर पहिले नाव मार्टिन यीनेक यांचे. मूळचे चेक, पण तेव्हा अमेरिकेत बर्कलेला जेनिफर डाउडना यांच्याकडे पोस्ट-डॉक होते. पीएच.डी. २००६ ची, आणि झुरिच विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा मिळाली २०१३ ला. २०२० चे नोबेल डाउडना आणि एमान्युएल शार्पांतिये या दोघींना मिळाले. यीनेक हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते?

हे शास्त्र आता आपल्या बांधाकडेही येत आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुकसंपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यातला 'कमला' हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने सांबा महसुरीपासून काढला. तो सुमारे २० दिवस लवकर येतो, असे संस्थेचे म्हणणे. तेव्हा या विषयात काम आहे. कायम जागा मात्र थोड्या.

२०२३ पासूनच्या केंद्राच्या दराने रिसर्च असोसिएटला महिना ५८ ते ६७ हजार रुपये, शिवाय घरभाडे. आकडा बरा दिसतो, पण मुदत संपली की पैसा बंद, आणि अनुदान अडकले तर काही महिने हात कोरडा. या पैशावर ट्रॅक्टरचे कर्ज काढू नका.

मुलीला एवढे विचारा: त्या प्रयोगशाळेत आधी राबलेली माणसे आज कुठे आहेत? त्यांना फोन लावायला लाजू नये. निबंधावर नाव कितवे, हेही आधीच ठरवून घ्यावे. स्थळ आले तर नोकरी करारावरची आहे हे पाहुण्यांना सरळ सांगा. मागून कळले की पोरीलाच ऐकून घ्यावे लागते. आणि वय निघून चालले म्हणून तिच्यामागे लागण्यापूर्वी जाहिरात वाचा. राष्ट्रीय पोस्ट-डॉक शिष्यवृत्तीला वयाची अट ३५ आहे, स्त्रियांना त्यात ५ वर्षांची सवलत मिळते. अर्ज तिचा ती भरील. घरच्यांनी जन्मतारखेचा दाखला तेवढा शोधून ठेवावा.