आकृतीची रेषा आणि धड्याची इयत्ता
ई-लर्निंगचे धडे रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हृदयाची आकृती पीएनजी करून नेण्याची सवय मोडलीच पाहिजे. पीएनजी हे पिक्सेलचे, म्हणजे रंगीत ठिपक्यांचे चित्र असल्यामुळे 600 पिक्सेल रुंदीची आकृती 1200 पिक्सेलवर ताणली की मधले ठिपके अंदाजाने भरले जातात आणि झडपांच्या कडा पुसट होतात. याउलट व्हेक्टर चित्रात रेषांची व वक्रांची गणिती मांडणी साठवलेली असल्याने ते प्रत्येक आकारात नव्याने रेखाटले जाते. वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 2001 साली मान्य केलेले एसव्हीजी हे त्याचे खुले प्रमाण रूप आहे. मात्र त्या फाइलच्या पोटातही पिक्सेलचे चित्र दडलेले असू शकते, म्हणून ती इंकस्केप या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी करून तपासावी. आकृतीतील मराठी नावांचा फाँट विद्यार्थ्याच्या संगणकावर नसेल, तर अक्षरांची रुंदी बदलून नावे आपल्या बाणांपासून सरकतात. त्यामुळे अक्षरांचे आधीच पाथमध्ये, म्हणजे निव्वळ बाह्यरेषांमध्ये, रूपांतर करावे आणि अशी अक्षरे स्क्रीन रीडरला वाचता येत नसल्याने पर्यायी मजकूर न चुकता जोडावा. डाव्या जवनिकेची जाड भिंत जिथे नीट दिसतच नाही, तिथे तिच्या जाडीचे कारण शिकवणे व्यर्थ आहे. रेषेची शुद्धता हा अध्यापनाचाच भाग होय.