मारझोडीच्या घरातील मुले आणि ऊसतोडीचा हंगाम

घरातील मारझोडीचा विचार करताना समाजाची दृष्टी मारणारा पुरुष आणि मार खाणारी स्त्री यांच्यापुरतीच राहते. कोपऱ्यात उभे राहून ते पाहणाऱ्या मुलाकडे ती क्वचितच वळते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीची हिंसा कधी ना कधी सोसली आहे. यांतील पुष्कळ घरांत मुले आहेत, हे सांगावयास नको.

तळोदा तालुक्यात हा प्रश्न पोटाच्या प्रश्नाशी जखडलेला आहे. दिवाळीच्या सुमारास येथील अनेक आदिवासी कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती या जोडीच्या श्रमावर. बाई निघून गेली तर कोयता मोडतो, उचल मात्र अंगावर राहते. म्हणून मार खाऊनही ती पडावावर राहते, आणि तिच्याबरोबर लहान मूलही राहते. गावात आजी, शेजारीण, अंगणवाडीताई असे आधार असतात. परक्या मुलखातील पडावावर त्यांतील एकही नसतो.

कायद्याने या मुलांना वगळले आहे असे नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १८ नुसार पीडित व्यक्ती बालक असल्यास मारणाऱ्यास तिच्या शाळेत जाण्यास मनाई करता येते. कलम २१ नुसार मुलांचा तात्पुरता ताबा आईला देता येतो. कलम २७ नुसार ती तात्पुरती जेथे राहते तेथील दंडाधिकाऱ्याकडेही दाद मागता येते, आणि आदेश सबंध देशात लागू होतो. स्थलांतरित कुटुंबाला याहून उपयुक्त तरतूद कोणती?

याच कायद्याखालील नियमांचा पाचवा नमुना म्हणजे 'सुरक्षा आराखडा'. धोक्याचे स्वरूप अजमावून संरक्षण अधिकाऱ्याने तो पीडित स्त्रीच्या सल्ल्याने करावयाचा असतो. तथापि आईचा आराखडा झाला म्हणजे मुलाचा आपोआप झाला, हा समज घातक आहे. आईला वाचविण्यासाठी मूल मध्ये पडते आणि घाव त्याच्यावर बसतो. यास्तव त्याला त्याच्या बोलीत काही गोष्टी आधीच सांगितल्या पाहिजेत: भांडण पेटले की मध्ये पडू नये, धाकट्याला घेऊन ठरलेल्या घरी जावे, तेथून मोठ्या माणसाकरवी १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. आईचे रक्षण ही त्याची जबाबदारी नव्हे, हेही त्याला सांगावे. दाखले आणि आधार कार्ड विश्वासाच्या माणसाकडे ठेवावीत. बाई घर सोडण्याच्या बेतात असते तेव्हा धोका सर्वांत मोठा असतो. म्हणून हा बेत मारणाऱ्याच्या कानी जाता कामा नये.

घरच्या भांडणात शाळेने पडू नये, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु आश्रमशाळेतील मूलही सुटीत त्याच घरी परतते. कोणते मूल सुटी लागताच गप्प होते, हे शिक्षकाइतके कोणास दिसते? म्हणून तळोद्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाने आश्रमशाळा, अंगणवाड्या आणि संरक्षण अधिकारी यांना हंगामापूर्वी एकत्र बसवावे. धोक्यातील मुलांना हंगामापुरते वसतिगृहात किंवा सुरक्षित नातलगांकडे ठेवण्याची सोय करावी. जी पडावावर जाणारच, त्यांच्यासाठी तेथील आधाराचे माणूस आधी हेरावे. यास नव्या कायद्याची गरज नाही. लागणारा खर्चही फार नाही.

हा मुलूख या कामास अपरिचित नाही. १९७२-७३ च्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा-तळोदा भागात श्रमिक संघटनेच्या चळवळीतून पुढे आलेल्या भिल्ल स्त्रियांनी दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्यांना गावासमोर जाब विचारला. घरातला मार हा गावाचा प्रश्न आहे, हे त्यांनी कायदा होण्याच्या तीन दशके आधी ठरविले. तोच निवाडा आता मुलांपर्यंत नेला पाहिजे, आणि तोही ट्रक पडावाकडे निघण्यापूर्वी.