युद्धकाळ, राष्ट्रप्रमुख आणि रोह्याचे चिंतामणराव

युद्धाच्या काळात राष्ट्राला कणखर नेतृत्व हवे असते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. शत्रू सीमेवर उभा असताना सभा-समित्यांचा घोळ घालीत बसणे कोणत्याही देशाला परवडणारे नसते. परंतु कणखरपणा आणि एकतंत्रीपणा यांतील सीमारेषा नेमकी याच काळात पुसट होते. अब्राहम लिंकन यांनी यादवी युद्ध ऐन भरात असताना १८६४ मध्ये मतदारांना सामोरे जाण्याचे टाळले नाही. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांची मुदत मे २०२४ मध्ये संपली, पण लष्करी कायदा लागू असल्यामुळे निवडणूक होऊ शकली नाही आणि जगभर त्यावर वाद झडला. देश वाचवण्यासाठी दिलेले अधिकार कोणी, कसे वापरावेत आणि केव्हा परत करावेत, हा त्या वादाचा गाभा आहे.

भारतीय राज्यघटनेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. राष्ट्रपती तिन्ही सैन्यदलांचे सर्वोच्च सेनापती खरे, पण ते चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. युद्ध किंवा परचक्राच्या प्रसंगी ३५२व्या कलमाखाली आणीबाणीची उद्घोषणा होते ती मात्र त्यांच्याच सहीने. मग युद्धकाळातील राष्ट्रपतींचे नेतृत्व म्हणजे केवळ सही करणे काय? याचे उत्तर शोधताना रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांकडे वळावे लागते.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. या देशातील एकाही लोकप्रतिनिधीला त्यांनी विचारले नव्हते. कोट्यवधी लोकांचे भवितव्य एका माणसाच्या शब्दाने ठरले. याच्या निषेधार्थ १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला आणि पहिले सत्याग्रही म्हणून निवड झाली ती पेण तालुक्यातील गागोदे गावी जन्मलेल्या विनोबा भावे यांची. त्यांच्या अहिंसाविचाराशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही. पण लोकांना न विचारता लोकांना युद्धात लोटण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे सांगण्यासाठी ते तुरुंगात गेले, हे विसरता येणार नाही.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५चा. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळच्या नाते गावी चिंतामणराव देशमुख जन्मले. घराणे रोह्याचे, बालपणही तिथलेच. विनोबा युद्धकाळात कारावास पत्करीत होते, तर चिंतामणराव सरकारी सेवेत होते. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. बंगाल दुष्काळाने होरपळत होता, महागाई भडकली होती आणि ब्रिटनच्या युद्धखर्चापायी भारताचे कोट्यवधी पौंड लंडनमध्ये अडकत चालले होते. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारतीय प्रतिनिधिमंडळाने या येण्याचा प्रश्न जगापुढे मांडला. त्या मंडळात चिंतामणराव होते. युद्धाची खरी किंमत कोण चुकवतो, हे त्यांनी आकड्यांतून पाहिले होते.

पुढे ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा पंतप्रधान नेहरूंनी केली, तेव्हा चिंतामणरावांनी राजीनामा दिला. महाराष्ट्र त्यांना त्या त्यागासाठी आठवतो. परंतु लोकसभेतील त्यांच्या निवेदनाचा एक मुद्दा मुंबईपुरता मर्यादित नव्हता. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचारविनिमय न होता जाहीर झाला, असा त्यांचा आक्षेप होता. आंदोलकांवरील गोळीबाराच्या चौकशीचाही त्यांनी आग्रह धरला होता.

हेच चिंतामणराव १९६९ मध्ये जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचे राष्ट्रपतिपदाचे उमेदवार होते. ‘विवेकबुद्धीने मत द्या’ या आवाहनाने गाजलेल्या त्या निवडणुकीत पहिल्या पसंतीच्या मतांचे मूल्य गिरी यांना ४,०१,५१५, संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांना १,१२,७६९ असे मिळाले. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी विजयी झाले आणि १९७१च्या युद्धाच्या वेळी राष्ट्रपतिभवनात तेच होते.

३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले. त्याच रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि ते योग्यच होते. १६ डिसेंबरला ढाक्यात शत्रू शरण आला. त्या विजयाचे श्रेय सैन्यदलांना आणि तत्कालीन राजकीय नेतृत्वाला मोकळ्या मनाने दिलेच पाहिजे. मात्र तेरा-चौदा दिवसांच्या युद्धासाठी पुकारलेली ती आणीबाणी उठली थेट मार्च १९७७ मध्ये. याआधी चीनच्या आक्रमणावेळी २६ ऑक्टोबर १९६२ रोजी लागू झालेली आणीबाणीही, मधल्या १९६५च्या युद्धासह, जानेवारी १९६८ पर्यंत चालली होती. तोफा थंडावल्या, पण अधिकार परत आले नाहीत.

याच सवयीतून २५ जून १९७५ची रात्र आली. परचक्राची आणीबाणी अस्तित्वात असतानाच अंतर्गत अशांततेच्या नावाखाली दुसरी उद्घोषणा काढण्यात आली. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी रात्री सही केली; मंत्रिमंडळाला कळले दुसऱ्या दिवशी सकाळी. १९३९ मध्ये व्हाइसरॉयने प्रतिनिधींना विचारले नव्हते, १९७५ मध्ये पंतप्रधानांनी स्वतःच्या सहकाऱ्यांनाही विचारले नाही. ४ जुलैला संघावर बंदी आली आणि हजारो घरांतील कर्ते पुरुष गजाआड गेले. विनोबांच्या ‘अनुशासन पर्व’ या शब्दांचाही सरकारने प्रचारासाठी वापर करून घेतला.

चिंतामणराव राष्ट्रपती झाले असते तर इतिहास बदलला असता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांची मुदतही १९७४ मध्येच संपली असती. पण सल्ल्याने बांधलेल्या राष्ट्रपतींच्या हाती काय उरते, हे त्यांच्या चरित्रातून कळते. ‘मंत्रिमंडळाचा निर्णय झाला आहे काय?’ हा प्रश्न त्यांच्या हाती उरतो. उत्तर पटले नाही तर पद सोडण्याचे धैर्य उरते. जून १९७५च्या त्या रात्री प्रश्नही आग्रहाने विचारला गेला नाही आणि पदही सोडले गेले नाही.

१९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तोच प्रश्न कायद्यात बांधला. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याखेरीज आता उद्घोषणा होऊ शकत नाही. एका महिन्यात संसदेची विशेष बहुमताने मान्यता लागते आणि दर सहा महिन्यांनी ती नव्याने घ्यावी लागते. जीविताचा हक्क तर आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. या बंधनांमुळे देश दुबळा झाला काय? १९९९ मध्ये लोकसभा विसर्जित झालेली असताना वाजपेयी यांच्या काळजीवाहू सरकारने कारगिलचे युद्ध आणीबाणीविना जिंकले आणि लगेच निवडणुकाही झाल्या. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळीही आणीबाणीची गरज भासली नाही.

विनोबा आणि चिंतामणराव यांचे मार्ग वेगळे होते. १९८२ मध्ये सहा-सात आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले. रोह्याच्या महाविद्यालयाला आज चिंतामणरावांचे नाव आहे. तिथे शिकणाऱ्या मुलांना त्यांची विद्वत्ता आणि पदे सांगितली जातात, ती सांगावीतच. पण त्यांचा राजीनामा कशासाठी होता, हेही सांगितले पाहिजे. राष्ट्रावर संकट येईल तेव्हा नेतृत्वाच्या पाठीशी निःशंकपणे उभे राहणे हे प्रत्येक देशभक्ताचे कर्तव्य आहे. संकट सरल्यावर दिलेल्या अधिकारांचा हिशोब मागणे हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे, मग सत्तेवर कोणीही असो.